सातव्या पोत्यातल्या करवंट्या

१

बुधवारी सकाळी सातवं पोतं उघडलं आणि आमच्या संघातल्या तीनशे दहा बायकांच्या तोंडाला काळं फासलं गेलं.

जुन्या शाळेच्या खोलीत लांबलचक टेबल आहे, त्यावर डॉक्टर एलोइझानं पोतं उपडं केलं. आधीची सहा नीट निघाली होती. तपकिरी, खडखडीत वाळलेल्या बाबासूच्या करवंट्या. सातव्यातून पडल्या त्या हिरवट, ओलसर, सालीला अजून चिकट रस असलेल्या. तो कच्चा तुरट वास खोलीभर पसरला.

"हे पडलेलं फळ नाही," एलोइझा म्हणाली. "झाडावरचा घड तोडलाय."

मला हे सांगायची गरज नव्हती. बाबासूचा माड आमच्याकडं कुणी लावत नाही, तो आपला आपण उगवतो. फळ मुठीएवढं, करवंटी दगडासारखी, आत तीन-चार लांबट गर. कुऱ्हाडीचा दांडा पायाखाली दाबून धार वर करायची, धारेवर फळ धरायचं आणि सोट्यानं हाणायचं. गर आमचे, तेलाला, दुधाला, साबणाला. करवंटी आजवर चुलीत जायची. आता नदीकाठच्या कारखान्याला बॉयलरमध्ये लाकडाऐवजी तीच जाळायची होती. अट एकच, फळ आपसूक पडलेलं हवं. घड तोडला की माड रुसतो, दोन-दोन वर्षं फळत नाही. हे माड जमीनदार सेउ अबेलार्दोच्या (सेउ म्हणजे राव) जमिनीत आहेत आणि त्याच्याशी आमचा करारही याच अटीवर. घड तोडल्याचं सिद्ध झालं की आमच्यासाठी त्याचं फाटक बंद. मग करवंटी राहिली बाजूला, चुलीवर ठेवायला तेलही मिळायचं नाही. तासाभरात बातमी तिकडं पोचली आणि त्याचा कारभारी कुलूप घेऊन शाळेसमोरच्या फाटकाशी येऊन बसला.

हा व्यवहार जंगलाला आणि माणसांना झेपेल का, ते ठरवायला कारखान्यानं चौघांची समिती नेमली होती. डॉक्टर एलोइझा प्रातेस, दक्षिणेकडची, बॉयलरची जाणकार आणि समितीची अध्यक्ष. डॉक्टर एव्हराल्दो, राजधानीतून आलेला, जंगलाचा अभ्यासक, बोलायला मऊ. सेउ गिल्वान, इथलाच, ट्रकवाला. आणि मी, एउलीना, सगळ्यांची दोना म्हणजे बाई, सातव्या वर्षापासून फळं फोडणारी. प्रत्येकापुढं नावाची पाटी होती. त्या तिघांच्या पाटीवर 'तज्ज्ञ' लिहिलेलं, माझ्या पाटीवर 'प्रतिनिधी'. ते मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं, पण गिळलं होतं.

सोमवारी सकाळी आम्ही चौघांनी मिळून आमच्या गोदामातून दहा पोती काढली, नंबर लावले आणि या खोलीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली शाळेच्याच स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. इथं कोण कशाला हात लावणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

एव्हराल्दोनं टेबलावरची एक करवंटी उचलली, अंगठ्यानं तिचं टोक चाचपलं आणि हळूच खाली ठेवली. "वाईट झालं," तो म्हणाला.

"गोदाम कुणाच्या ताब्यात असतं?" एलोइझानं विचारलं.

दारात क्लेओनीस उभी होती. वीस वर्षांची, बाप्तिस्म्याला मीच हातात धरलेली पोर. गोदाम तिच्याकडं. आणि मागच्या आठवड्यात विहिरीवर चारचौघींत तीच म्हणाली होती, "पडलेलं पुरत नाही यंदा. एखादा घड उतरवला तर काय आभाळ कोसळतंय?"

हे वाक्य गिल्वाननंही ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"दोना एउलीना," एलोइझा म्हणाली, "चार वाजता मतदान आहे. तोवर दुसरं काही कारण पुढं आलं नाही, तर तुमच्या संघाचं नाव मला खोडावं लागेल."

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

२

क्लेओनीसला मी शाळेमागं नेलं आणि आधी दंडाला धरून हलवलं. माझा राग असाच आहे, आधी हात आणि मग तोंड.

"खरं सांग. तोडलास?"

"मावशी, तुझी शपथ, नाही." ती रडत नव्हती, चिडली होती. "बोलले होते मी. बोलणं आणि करणं एकच असतं का? तू रोज नवऱ्याला नदीत ढकलते म्हणतेस, ढकललास का अजून?"

हे मात्र बरोबर होतं. माझा नवरा अजून कोरडाच आहे.

"ठीक आहे. मग दुसऱ्या कुणीतरी पोतं बदललं. इथं थांब, कुणाशी बोलू नकोस."

घड उजेडातच उतरवता येतो आणि काल दिवसभर आम्ही चौघं एकत्र होतो, म्हणजे हे सोमवारी दुपारचं काम. कुणाला फायदा होतो ते आधी बघावं म्हटलं. आमचं नाव खोडलं गेलं तर कारखाना थांबणार नव्हता. दुसरा प्रस्ताव तयारच होता. अख्खी फळं मजुरांकडून वेचून घ्यायची, कारखान्यातल्या यंत्रात चिरडायची आणि गरासकट जाळायची. यंत्राचा आराखडा एलोइझाचा. आम्हीच बदनाम होऊन बाजूला झालो तर तिचा सुंठीवाचून खोकला गेला असता.

मी सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. ती करवंट्यांतली ओल मोजत होती.

"तुम्हाला तुमचं यंत्र बसवायचंय," मी म्हटलं.

"हो. लपवलंय कधी?" तिनं वर न बघता सांगितलं. "पण सोमवारी दुपारपासून माझं डोकं ठणकत होतं, मी अंधार करून पडले होते. ते तुम्हाला पटो न पटो. हे बघा." तिनं माझ्या हातावर हिरवी करवंटी ठेवली. "यात इतकं पाणी आहे की बॉयलर धूर ओकेल. आणि पोत्यात काय भरलंय यावर माझा भरवसा नसेल, तर माझं दोन वर्षांचं काम मातीत जातं. मी स्वतःच्या मोजमापात माती कशाला कालवू?"

बाई तिरसट, पण बोलली ते खोटं वाटलं नाही.

गिल्वान ट्रकखाली आडवा होता. मी त्याच्या बुटाला लाथ मारली.

"बाहेर ये. अख्खी फळं न्यायची ठरली तर तुझ्या फेऱ्या किती वाढतील?"

"तिप्पट." तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसायला लागला. "म्हणजे मी चोर का, दोना? सोमवारी दुपारभर मी चाक बदलत होतो, अख्ख्या गल्लीनं बघितलंय. संध्याकाळचं मात्र विचारू नका, संध्याकाळी मी कुठं होतो ते माझ्या बायकोलाही सांगत नाही."

"गिल्वान."

"बरं, बरं. पत्ते खेळत होतो." तो गंभीर झाला. "माझी आई तुमच्याच रांगेत बसून फोडायची. मी तुमचं फाटक बंद करवलं तर ती कबरीतून सोटा घेऊन येईल. दुसरं काहीतरी विचारा. कालचा भात इतका पाणचट का होता, ते विचारा. बाबासूचं दूध घातलं होतं की विहिरीचं पाणी?"

मीही मंगळवारी निल्दाला, आमच्या स्वयंपाकिणीला, त्यावरून टोमणा मारला होता. आज मात्र भाताचं मला काय पडलं होतं. मी तशीच निघाले.

एव्हराल्दो आंब्याखाली बसून झाडांची गणती लिहीत होता. मला पाहून उठला आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. हा असा. तीन दिवसांत त्यानं माझ्याशी एकदाही आवाज चढवला नव्हता.

"मी तुमच्याच बाजूचा आहे, दोना. पण पोतं सगळ्यांसमोर उघडलं. डोळे झाकून मत देता येत नाही."

"सोमवारी दुपारी तुम्ही कुठं होता?"

"वनात. झाडं मोजत. एकटाच." तो माझ्या हातांकडं पाहत होता. "किती वर्षं फोडताय?"

"सत्तेचाळीस."

"पाठ दुखत नाही?"

"दुखते. म्हणून काय पाठ काढून खुंटीला टांगू?"

तो हसला नाही. "आम्हा शहरातल्यांना यातलं काय कळणार," असं म्हणून त्यानं वही मिटली.

साडेदहा वाजले होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

३

मी परत खोलीत गेले आणि सातव्या पोत्यापुढं फतकल मारून बसले. माणसं खोटं बोलतील, करवंटी कशाला बोलेल? एकेक हातात घेऊन बघायला लागले.

पहिली गोष्ट लगेच दिसली. करवंट्या यंत्रानं चिरडलेल्या नव्हत्या, हातोड्यानं फोडलेल्याही नव्हत्या. वर धार केलेल्या कुऱ्हाडीवर, सोट्याखाली, लांब लांब फोडी करून फोडलेल्या होत्या. गर अख्खे काढलेले, एक तुकडासुद्धा मागं राहिलेला नाही. हे काम कुणा येरागबाळ्याचं नव्हतं. लहानपणापासून फोडणाऱ्या हाताचं होतं. म्हणजे आमच्यातल्याच कुणाचं.

क्लेओनीस दारात येऊन उभी होती. तिलाही तेच दिसलं. "मावशी," ती हळूच म्हणाली, "हे आपल्यातलीनंच केलंय. कोण असेल?"

तीनशे दहा नावं डोक्यात फिरायला लागली आणि प्रत्येक नावाशी मी भांडत होते. घर कुणाचं पडायला आलंय, कुणाचं माझ्याशी वाकडं आहे. आपल्याच माणसांवर असा संशय घेताना तोंड कडू होतं.

शेवटी मी उठले आणि सहाव्या पोत्यातली एक करवंटी घेऊन सातव्यातल्या करवंटीशेजारी ठेवली. नुसतं ओळखीचं काही बघावं म्हणून.

पहिला घाव जिथं बसतो तिथं पातं आत घुसतं आणि खाच रुंद राहते. पुढचे घाव त्याच फटीतून जातात, त्यांची खूण बारीक. सहाव्या पोत्यातली रुंद खाच देठाकडं होती. आमच्याकडं फळ देठाकडूनच धारेवर ठेवतात. माझ्या आजीनं मला तसं शिकवलं, मी क्लेओनीसला. दुसरं काही असू शकतं असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

सातव्या पोत्यातल्या करवंटीची रुंद खाच टोकाकडं होती.

मी दुसरी घेतली. टोकाकडं. विसावी घेतली. टोकाकडं. पोतंभर करवंट्यांत देठाकडची खाच एकही नव्हती.

"क्लेओनीस, फळ टोकाकडून कोण फोडतं गं?"

"कुणी नाही. असं कोण फोडेल?"

"नदीपल्याड फोडतात," मी म्हटलं. "तोकांतिन्स नदीच्या त्या बाजूला. मी लहान असताना एका जत्रेत तिकडच्या बायका बघितल्या होत्या. आम्ही पोरी त्यांना हसलो होतो."

"पण आपल्यात नदीपल्याडची एकही नाही."

"नाही ना," मी म्हटलं, आणि दोन्ही करवंट्या खिशात टाकल्या.

४

आता प्रश्न एवढाच होता की नदीपल्याडचा हात शाळेत कुणाचा आहे. त्याआधी मात्र मला दुसरंच काहीतरी आठवलं आणि मी स्वयंपाकघरात धावले.

निल्दा अंबाडीचा पाला निवडत होती. कुशा, म्हणजे आमची आंबट पालेभाजी, करायची होती, सुक्या कोळंब्या शेजारी भिजत पडल्या होत्या.

"निल्दा, काल भाताच्या दुधाला गर कुठून आणलेस?"

"पुन्हा तोच टोमणा? इथंच होते, या वाडग्यात. सकाळी आले तर भरून ठेवलेले. मला वाटलं तूच ठेवलेस." ती पाल्यावर राग काढायला लागली. "कोवळे होते मेले. पिळून पिळून माझे हात दुखले आणि निघालं काय, तर पाणी."

वाडगा किल्लीच्या खिळ्याखालीच होता.

मी तिथंच चुलीशी टेकले. ज्यानं रात्रीतून किंवा पहाटे घड फोडला, त्याला गर नको होते. ते नदीत टाकले असते, पुरले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्यानं ते गोळा करून स्वयंपाकघरात ठेवले. फोडणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला माणूस गर फेकू शकत नाही. भुकेच्या दिवसांत एक गर मातीत पडला तर आई कानशिलात द्यायची. हात शिकतो आणि मग विसरत नाही. एलोइझानं ते डोळे मिटून फेकले असते.

गिल्वानची आई फोडणारी होती, पण ती आमच्या बाजूची. खात्री करायला हवी होती.

जेवणं झाल्यावर मी कुऱ्हाड, सोटा आणि टोपलीभर फळं अंगणात मांडली. "खोडायचंच असेल आमचं नाव," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तर आधी प्रत्येकानं एक फळ फोडून जा. ज्यावर मत द्यायचं ते काम हाताला तरी कळू दे."

गिल्वान पहिला बसला. फळ देठाकडून ठेवलं, पाच घावांत फोडलं आणि म्हणाला, "आई, बघ." खाच देठाकडं. आमचाच.

एव्हराल्दोनं फळ मधोमध आडवं ठेवलं, कसाबसा सोटा मारला, फळ उडून कोंबड्यांत गेलं. सगळे हसले. "मी आपला झाडं मोजतो," तो म्हणाला आणि उठला.

माझा सापळा रिकामा निघाला होता. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. तीन वाजत आले होते.

एलोइझा बसली ती केवळ हट्टानं. तिनं फळ कसंतरी धारेवर धरलं, अंगठा बरोबर धारेच्या वर आणि सोटा पूर्ण उचलला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी एव्हराल्दो पोचला होता. त्यानं तिचं मनगट धरलं. चेहरा पांढराफटक.

"असं नाही," तो म्हणाला. "अंगठा मागं घ्या. मागं. आणि असं धरा."

त्यानं फळ तिच्या हातात फिरवलं आणि अलगद धारेवर टेकवलं.

टोकाकडून.

५

चार वाजता आम्ही चौघं टेबलाशी बसलो. खिडकीत बायका दाटीनं उभ्या होत्या. फाटकाशी कारभारी होताच.

"कुणाला काही मांडायचंय?" एलोइझानं विचारलं.

मी दोन करवंट्या तिच्यापुढं ठेवल्या. खाचांची गोष्ट सांगितली. तिनं भिंग काढलं, दोन्ही पोत्यांतल्या मूठमूठभर करवंट्या तपासल्या आणि वेळ लावला. मग निल्दाला बोलावलं, तिनं वाडग्याची हकिगत सांगितली.

"म्हणजे फोडणारा सराईत होता," एलोइझा सावकाश म्हणाली, "पण या बाजूचा नव्हता. आणि त्याला गर फेकवले नाहीत."

"दुपारी तुमचा अंगठा कुणी वाचवला, ते आठवा," मी म्हटलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

एव्हराल्दो टेबलावरच्या आपल्या पाटीकडं पाहत होता. मी सातव्या पोत्यातली करवंटी त्याच्यापुढं सरकवली. त्याचं नाव माझ्या तोंडून यायला नको होतं. आपलेच दात आपलेच ओठ.

"माझी आई," तो म्हणाला, "नदीपल्याडची. जासिरा. मी अकरा वर्षांचा असताना तिचा डावा अंगठा गेला. दुसऱ्या दिवशी कापड बांधून ती परत फोडायला बसली. मी शेजारी होतो. मीही फोडत होतो."

"मी शिकलो, राजधानीत गेलो, कुणाला सांगितलं नाही कुठून आलोय ते. सोमवारी वनात तुम्हाला सगळ्यांना ओळीनं बसलेलं पाहिलं. तीच पाठ, तेच हात. वाटलं, हा करार झाला तर आणखी वीस वर्षं असंच. यंत्र आलं तर निदान हे थांबेल. घड मी तोडला. मंगळवारी पहाटे शाळेमागं फोडला आणि सातवं पोतं बदललं."

"यंत्रावर किती बायकांना काम मिळणार होतं?" मी विचारलं.

"चाळीस."

"आम्ही तीनशे दहा. उरलेल्यांनी काय खायचं होतं, तुझी दया?" आता माझा ताबा सुटला होता, मी त्याला अहो-जाहो करायचं विसरले. "फाटक बंद झालं असतं, एव्हराल्दो. या पोरीला जन्मभर चोर म्हटलं असतं. पाठ आमची दुखते ना, मग आम्हाला विचारायचंस. तीन दिवस शेजारी बसलास, एकदा तरी विचारलंस, तुम्हाला काय हवंय?"

"नाही विचारलं," तो म्हणाला.

त्यानं सगळं कागदावर लिहून दिलं, सही केली आणि पाटी उलटी ठेवून उठला. दारात क्लेओनीसपुढं थांबला. तिनं त्याला माफ केलं नाही, वाट मात्र दिली.

आमच्या बाजूनं तीन हात वर झाले. गिल्वाननं कागद फाटकाशी नेला. कारभाऱ्यानं तो दोनदा वाचला आणि कुलूप खिशात घालून घरी गेला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडांखाली गेले. रागातच होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून एक फळ घेतलं आणि टोकाकडून धारेवर ठेवलं.

तीन घावांत फुटलं.

मला वाटलं फळच किडकं असेल. दुसरं घेतलं. तीन. मी देठाकडून एक फोडलं, पाच लागले. सत्तेचाळीस वर्षं मी पाच घाव घालत आले होते आणि लहानपणी त्या बायकांना हसले होते. मी तिथंच बसून राहिले आणि मला रडू आलं, लपवावं असं समोर कुणी नव्हतं म्हणून पोटभर रडले.

मग शाळेत जाऊन एलोइझाला बोलावून आणलं. तिनं शंभर फळं माझ्याकडून फोडून घेतली आणि घाव मोजले. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिनं टोपी काढून ठेवली. "हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं," ती म्हणाली.

"समितीत एक खुर्ची रिकामी आहे," मी म्हटलं. "ती कुणाला द्यायची ते मी सांगते. आणि पाटीवर काय लिहायचं तेही."

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी गिल्वानच्या ट्रकमधून जासिरा उतरली. बारीक चणीची, डाव्या हाताला अंगठा नाही. मागून एव्हराल्दो तिची पिशवी घेऊन आला आणि फाटकाशीच थांबला.

"त्यानं मला सगळं सांगितलं," ती माझ्याशी पहिलं वाक्य हेच बोलली. "दोन दिवस मी त्याला जेवायला वाढलं नाही."

मी तिला खोलीत नेलं. टेबलावर दोन नव्या पाट्या होत्या, एलोइझानं स्वतः लिहिलेल्या. एकीवर माझं नाव, एकीवर तिचं. दोन्हींवर 'तज्ज्ञ'. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. तिनं पाटीवरून अंगठा नसलेला हात फिरवला.

"माझा पोरगा कुठं बसायचा?"

"याच खुर्चीत."

तिनं ती बाजूला सरकवली आणि खिडकीतून फाटकाकडं हाक मारली. "एव्हराल्दो, तिथं खांबासारखा उभा राहू नकोस. फळं वेचून आण."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं.

मग जासिरा जमिनीवर बसली, पाय पसरले आणि कुऱ्हाड मागितली. क्लेओनीसनं ती आणून दिली आणि तिच्यासमोर शिकायला बसली.